जंगल दरड थांबवतं का? मुळं किती खोल आणि दरड किती खोल

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



काही तारखा आधी सांगतो. २५-२६ जुलै २००५, महाड तालुक्यातली दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन ही गावं. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. २२ जुलै २०२१, पुन्हा महाड तालुका, तळीये. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. आणि ३० जुलै २०२४, केरळमधल्या वायनाडची मुंडक्कई आणि चूरलमला. माळीणमध्ये १५१ माणसं गेली, तळीयेत ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वायनाडचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला.

अशी प्रत्येक दुर्घटना झाली की दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘जंगल तोडलं म्हणून दरड आली.’ आणि दुसरं, ‘कसलं जंगल घेऊन बसलात, तिथे तर झाडी होतीच की!’ दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी ठाम असतात. मला आज असं मांडायचं आहे, की या दोन्ही वाक्यांत अर्धं-अर्धं सत्य आहे. पूर्ण चित्र बघायचं असेल तर आधी एक प्रश्न विचारायला हवा: दरड किती खोलवरून सुटली? उत्तर एक-दोन मीटर असेल, तर जंगलाने फार मोठा फरक पडतो. दहा-वीस मीटर असेल, तर वर जंगल आहे की कुरण, याने फारसा फरक पडत नाही. बाकीचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका मुद्द्याचा विस्तार आहे.

उतार उभा राहतो कसा?

दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, त्यावर हळीव पेरतो. तो किल्ला डोळ्यांसमोर आणा. कोरडी भुसभुशीत माती रचली तर ती घसरते. थोडी ओली केली की छान उभी राहते. पण उत्साहाच्या भरात कुणी तांब्याभर पाणी ओतलं, की बुरूज बसतो. पाणी तेच आहे. थोडं असताना मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं, आणि मातीतल्या सगळ्या फटी भरल्या की तेच पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलायला लागतं. कण एकमेकांवर दाबलेले असतात म्हणून त्यांच्यात घर्षण असतं. आतल्या पाण्याचा दाब वाढला की तो दाबलेपणा कमी होतो, घर्षण कमी होतं, आणि उतार सुटतो. पावसाने दरड कोसळते त्यामागचं मुख्य कारण हे आहे. पाण्याने माती जड होते हेही खरं, पण ते दुय्यम.

आता आपला सह्याद्री. खाली काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचे थरावर थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातकट पट्टा दिसतो. तो पाणी लवकर खाली सोडत नाही. कातळाच्या वर झिजलेला दगड, म्हणजे मुरूम, आणि त्याच्यावर माती. कड्याच्या पायथ्याशी शेकडो वर्षांत वरून पडलेल्या दगड-मातीचा ढीग साचलेला असतो. हा ढीग सैल असतो. आणि अडचण अशी, की वाड्या बऱ्याचदा याच ढिगावर वसतात. कारण तिथे जरा सपाटी मिळते, झरा मिळतो, माती मिळते. वरून मुरलेलं पाणी कातळापर्यंत जातं, तिथे अडतं आणि मातीच्या बुडाशी साचायला लागतं.

म्हणून त्या तारखा पुन्हा बघा. सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत. जूनभराचा पाऊस डोंगरात मुरलेला असतो, फटी आधीच भरत आलेल्या असतात आणि त्यावर दोन-तीन दिवसांची संततधार येते. इर्शाळवाडीच्या परिसरात त्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. म्हणजे किती? दर चौरस मीटर जमिनीवर जवळजवळ ५०० लिटर पाणी. आपल्याकडे पाणी साठवायचा २०० लिटरचा निळा ड्रम असतो ना, तसे अडीच ड्रम प्रत्येक चौरस मीटरवर. आणि हे आधीच भिजलेल्या डोंगरावर.

जंगल नेमकं काय करतं?

चार गोष्टी करतं. चारही सारख्या कामाच्या नाहीत.

पहिली, पानं पाऊस झेलतात. झाडाची पानं, फांद्या, साल यांवर काही मिलिमीटर पाणी अडतं आणि तिथूनच उडून जातं. दहा मिलिमीटरची सर असेल तर ही बचत मोठी आहे. तीनशे मिलिमीटर पडत असताना ती नगण्य आहे. मात्र पानांमुळे आणि खालच्या पालापाचोळ्यामुळे थेंबांचा मारा मातीवर थेट होत नाही आणि मातीची धूप कमी होते. धूप आणि दरड या वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवूया. धूप म्हणजे वरवरची माती कणाकणाने वाहून जाणं. दरड म्हणजे अख्खा तुकडा सुटणं.

दुसरी, झाडं जमिनीतलं पाणी शोषून हवेत सोडतात. उन्हाळ्यात हे काम जोरात चालतं, त्यामुळे जंगलाखालची जमीन पावसाळ्याच्या तोंडाला जास्त कोरडी असते आणि पहिला पाऊस पचवते. पण जुलैच्या अखेरीला हवा दमट, आभाळ भरलेलं. झाडाने पाणी सोडायचं कुठे? म्हणजे नेमक्या धोक्याच्या दिवसांत ही मदत जवळपास बंद पडते.

तिसरी गोष्ट थोडी उलटसुलट आहे. जंगलातली माती सच्छिद्र असते. कुजलेल्या मुळांच्या नळ्या, किड्यामुंग्यांची बिळं यांतून पाणी पटकन आत जातं. त्यामुळे ओढ्याला एकदम लोंढा येत नाही, झरे टिकतात. पण उताराच्या स्थैर्याचा विचार केला, तर पाणी आत जाणं ही निव्वळ चांगली गोष्ट नाही. त्या नळ्या पाणी उताराबाहेर नेऊन सोडत असतील तर उत्तम. त्या आतच कुठेतरी बंद होत असतील, तर तिथे दाब वाढतो.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची: मुळं. हळिवाचा किल्ला आठवा. हळीव चांगलं रुजल्यावर तो हिरवा गालिचा मातीसकट उचलता येतो. मुळं मातीला दोन प्रकारे धरतात. खाली जाणारी मुळं मातीचा थर खालच्या मुरमाला किंवा कातळाच्या भेगांना खिळ्यासारखी टाचून ठेवतात. आडवी पसरणारी मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात आणि एक जाळं तयार होतं. एक जागा कच्ची असली तरी आजूबाजूचं जाळं तिला ओढून धरतं.

इथे एक शंका नेहमी येते: झाडांच्या वजनानेच उतार खाली येत नाही का? हिशेब करूया. हेक्टरी ३०० टन वजनाचं दाट जंगल धरलं, तर दर चौरस मीटरला ३० किलो होतात. त्याच चौरस मीटरखालची एक मीटर जाडीची ओली माती अठराशे किलोंच्या आसपास भरते. म्हणजे झाडांचं वजन दोन टक्क्यांच्या आत. त्यासाठी झाडं तोडून उतार ‘हलका’ करायला जाऊ नका.

एक मीटर आणि दहा मीटर

असाच हिशेब आता मुळांचा. ३० अंशांचा उतार घ्या. एक मीटर जाडीच्या ओल्या मातीला खाली ओढणारा जोर दर चौरस मीटरला साधारण आठशे किलो येतो. मुळं मातीला जो जास्तीचा धर देतात, तो जगभरच्या मोजण्यांमध्ये चौरस मीटरला शंभर किलोंपासून दोन हजार किलोंपर्यंत आढळतो. झाडाची जात, वय आणि दाटी यांवर तो ठरतो. आपण बेताचा, पाचशे किलो धरू. खाली ओढणारा जोर आठशे आणि मुळांचा आधार पाचशे. मोठीच मदत झाली. काठावर उभा असलेला उतार एवढ्या मदतीने तरतो.

आता घसरण्याची पातळी दहा मीटर खाली न्या. खाली ओढणारा जोर आठ हजार किलो झाला. मुळांचे पाचशे त्यात सहा टक्के. आणि तेही मुळं दहा मीटरपर्यंत पोचली असती तर! बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या एक-दीड मीटरमध्येच असतात. म्हणजे दरड मुळांच्या खालून सुटते आणि अख्खं जंगल उभ्याउभ्या खाली घेऊन येते. हळिवाच्या गालिच्याखालून पाणी सोडलं की गालिचा हळिवासकट घसरतो, तसंच.

तैवानमध्ये ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळात शिआओलिन नावाचं गाव असं गाडलं गेलं. तीन दिवसांत दीड हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला होता. डोंगरावर जंगल होतं, पण दरड कित्येक मीटर खोलवरून सुटली. चारशेहून अधिक माणसं गेली.

न्यूझीलंडचा धडा

उथळ दरडींच्या बाबतीत जंगलाची किंमत किती, हे दाखवणारं फार चांगलं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. तिथे गिस्बर्न भागातल्या डोंगरांवरचं मूळ जंगल मेंढ्यांच्या कुरणांसाठी तोडलं गेलं होतं. मार्च १९८८ मध्ये बोला हे चक्रीवादळ आलं. काही ठिकाणी तीन-चार दिवसांत ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. नंतर उतारांची मोजणी झाली. तिथलं मूळ जंगल आणि आठ वर्षांहून जुनी पाइनची लागवड एका बाजूला, कुरणं आणि कोवळी पाइनची रोपं दुसऱ्या बाजूला. कुरणांवर आणि कोवळ्या रोपांखाली घसरणीचं प्रमाण जवळपास सोळा पट निघालं.

यातला ‘कोवळी रोपं’ हा भाग अधोरेखित करा. लावलेलं रोप पहिली काही वर्षं दरडीच्या दृष्टीने कुरणासारखंच असतं.

गोष्ट इथे संपत नाही. बोलानंतर तिथल्या डोंगरांवर पाइनची लागवड आणखी वाढवली गेली. पण पाइन हे पीक आहे. पंचवीस-तीस वर्षांनी ते एकदम कापतात. कापणी सुरू झाल्यावर उघड्या उतारांवरून दरडी आल्या आणि त्यांच्याबरोबर तोडीतून उरलेले ओंडके, फांद्या नद्यांत आल्या. २०१८ मध्ये टोलागा बे इथे आणि पुन्हा फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल वादळात किनारे आणि पूल लाकडांनी भरून गेले. सरकारला जमिनीच्या वापराची चौकशी नेमावी लागली.

झाड कापल्यावर धोका लगेच दिसत नाही, हे याच्या मुळाशी आहे. बुंधा गेला तरी मुळं काही काळ माती धरून असतात. मग ती कुजायला लागतात. नवी झाडं उगवली तरी त्यांची मुळं अजून नाजूक असतात. जुना आधार गेला, नवा आला नाही, असा मधला काळ येतो. थंड देशांतल्या अभ्यासांत तो तोडीनंतर साधारण तीन ते पंधरा वर्षांचा आढळतो. उष्ण आणि दमट हवेत मुळं आणखी लवकर कुजतात. म्हणूनच ‘तोड होऊन चार पावसाळे झाले, काही झालं नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही. पाचव्या पावसाळ्यात काय होईल ते त्यावरून कळत नाही.

कुऱ्हाड आणि जेसीबी

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. कोकणात आणि घाटमाथ्यावर झाडं तोडली जात नव्हती असं कधीच नव्हतं. राबासाठी टहाळ तोडायचे, सरपण काढायचे, खासगी रानं ठरावीक वर्षांनी तोडीला द्यायचे. पण कुऱ्हाडीने तोडलेल्या ऐन-किंजळाच्या बुंध्याला फुटवे येतात. वरचं झाड गेलं तरी खालची मुळं बरीचशी जिवंत राहतात. फुटव्यांना गुरं आणि वणवा यांपासून वाचवलं, तर रान परत उभं राहतं.

जेसीबीने उतार साफ केला की बुंधा मुळासकट निघतो. आधार हळूहळू कमी होत नाही, त्याच दिवशी संपतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी होतात. उताराच्या पायथ्याला कापून सपाटी केली जाते, म्हणजे वरच्या मातीच्या पायाखालची वीट काढली जाते. आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या सपाटीवर पाणी थांबून आत मुरतं. माळीणनंतर वरच्या उतारावरच्या सपाटीकरणाची जी चर्चा झाली, ती याच मुद्द्यावर होती. रस्त्यासाठी डोंगर कापणं, काढलेली माती खालच्या अंगाला ढकलून देणं, मोरीचं तोंड एखाद्या घळीत सोडून देणं, हे सगळं याच प्रकारातलं. अशा ठिकाणी दोष एकट्या जंगलतोडीवर टाकला की पायथा कापणं आणि पाण्याची वाट बदलणं, ही दोन कारणं चर्चेतून निसटतात.

मग इर्शाळवाडी आणि वायनाड?

इर्शाळवाडीच्या आजूबाजूला रान होतं. वायनाडची दरड सुमारे १५५० मीटर उंचीवर, वस्तीच्या वरच्या वनक्षेत्रात सुरू झाली आणि नदीच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर खाली आली. म्हणजे जंगल कुचकामी ठरलं का?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: दरड जिथून सुटते ती जागा आणि माणसं जिथे राहतात ती जागा. उंच कड्याखालच्या उभ्या उतारावर, जिथे मातीचा थर सैल आणि पाणी प्रचंड, तिथे रान असूनही घसरण होऊ शकते. रानामुळे अशा घटना कमी वेळा होतात, शून्य होत नाहीत. आणि एकदा चिखल-दगडांचा लोंढा वेगात आला, की वाटेतली झाडं त्याला अडवत नाहीत, उलट त्याच्यातच सामील होतात. वायनाडमध्ये चहाच्या मळ्यांसाठी आणि इतर लागवडींसाठी गेल्या शतकात पुष्कळ मूळ जंगल गेलं, हे खरंच आहे. त्याचा परिणाम असंख्य लहान दरडींवर होतो. पण त्या रात्रीचा प्रश्न वेगळा होता: लोंढ्याच्या वाटेवर लोक का झोपले होते? तिथून जवळच पुथुमला इथे ८ ऑगस्ट २०१९ ला अशीच दरड आली होती.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ‘रान आहे, यादीत नाव नाही, म्हणजे सुरक्षित’ हा समज माणसं मारतो.

काय करता येईल?

भारतात बर्फाळ भाग सोडून साधारण ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर जमीन दरडप्रवण मानली जाते. त्यातली ९० हजार पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांत आहे. एवढी गावं एका दिवसात हलवता येणार नाहीत. म्हणून कामं खोलीप्रमाणे वाटून घेऊ.

उथळ दरडींसाठी जंगल हाच सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय. पण उभं आहे ते रान आधी राखा. पावसाळ्यात एक लाख रोपं लावण्यापेक्षा वस्तीच्या वरची पन्नास एकर जुनी झाडी वाचवणं जास्त मोलाचं आहे, कारण मुळांचं जाळं तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. देवरायांमध्ये लहान-मोठी, खोल-उथळ मुळांची कितीतरी झाडं एकत्र असतात. असा मिश्रपणा उताराला हवा असतो. एकाच जातीची, एकाच वयाची लागवड एकाच दिवशी तोडली जाते, हा तिचा मोठा दोष. वणवे थांबवले तर पुष्कळ ठिकाणी लावायचीही गरज नाही, रान आपोआप येतं. आणि जागा निवडायची तर उतारावरच्या खोलगट घळी आधी घ्या, कारण पाणी तिथे गोळा होतं आणि दरडी बहुधा तिथूनच सुटतात.

खोल दरडींसाठी जंगलाच्या भरवशावर राहू नका. तिथे पाण्याला बाहेर वाट करून देणं, पायथा न कापणं, पर्जन्यमापकावर नजर ठेवणं आणि वेळेवर गाव रिकामं करणं, एवढंच हाती आहे. डोंगर आधी खुणा देतो. वरच्या शेतात कमानीसारखी भेग पडते. झरा अचानक आटतो किंवा गढूळ होतो. विजेचा खांब कलतो. घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. सरळ वाढलेली झाडं एकाच बाजूला झुकलेली दिसतात. झुकलेलं झाड म्हणजे खालची जमीन सरकते आहे. तिथे झाडांची मोजणी करत बसू नका, माणसं हलवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमच्याकडे वाळा आणि बांबू लावा असं सांगतात. त्याने दरड थांबेल का?*

वाळ्याची मुळं बारीक आणि दाट असतात, दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. रस्त्याच्या कडेचा कापलेला उतार, शेताचा बांध, ओढ्याचा काठ यांच्यासाठी तो फार चांगला. बांबूची मुळं दाट, पण उथळ. तो वरची माती धरतो, खालपर्यंत टाचत नाही. दोन्ही जरूर लावा, पण घरामागे वीस मीटर उंचीचा सैल ढीग असेल तर वाळा लावला म्हणून रात्री निर्धास्त झोपू नका.

*आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. वर चांगलं रान आहे, आजोबांच्या काळापासून काही झालेलं नाही. तरी हलायचं का?*

रान आहे ही चांगलीच गोष्ट आहे, ते राखा. पण आजोबांचा काळ साठ-सत्तर वर्षांचा, आणि तुमच्या वाडीखालचा दगड-मातीचा ढीग शेकडो, कदाचित हजारो वर्षांत साचलेला आहे. तो वरूनच आलेला आहे, म्हणजे इथे पूर्वीही दरडी आल्या आहेत. त्यामुळे पहिलं, जिल्हा प्रशासनाकडे भूवैज्ञानिकांकडून पाहणीची मागणी करा आणि ती लेखी करा. दुसरं, त्यांची वाट बघत बसू नका. या उन्हाळ्यात चार तरुणांनी वरच्या उतारावर फिरून भेगा आणि झरे कुठे आहेत ते लिहून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात बदल झाला तर कळेल. तिसरं, शाळेजवळ साधा पर्जन्यमापक बसवा. आणि चौथं, सलग दोन-तीन दिवस मुसळधार लागली तर कोणत्या जागी जायचं, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरं कोण सोडणार, हे आत्ताच ठरवा. इर्शाळवाडीत आणि वायनाडमध्ये दरड रात्री आली. रात्री अंधारात, पावसात हे ठरवता येत नाही.